डेटाबेस सर्व्हरवरील कार्यभाराचे वाटप : रेल्वे आरक्षणाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

'कार्यभार' हा शब्द महाविद्यालयीन अध्यापकांच्या नित्य परिचयाचा आहे. सहाय्यक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास अध्यापन करावे हा नियम आणि त्यानुसार सत्रारंभी विभागप्रमुखाने केलेली तासिकांची वाटणी हा दरवर्षीचा अनुभव होय. या वाटणीची एक मर्यादाही सर्वांना ठाऊक असते. भौतिकशास्त्र विभागात तासिका कमी पडत असल्या, तरी मराठी विभागातील जादा तासिका तिकडे वळविता येत नाहीत. काम किती आहे एवढ्यावरून वाटप ठरत नाही. ते काम कोणाकडे देता येते, यावरून ते ठरते. संगणकशास्त्रात 'लोड बॅलन्सिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारवाटपाच्या प्रश्नाचे, विशेषतः डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीतील प्रश्नाचे मूळही येथेच आहे.

एखादे संकेतस्थळ बंद पडले की 'सर्व्हर वाढवायला हवेत' ही प्रतिक्रिया तत्काळ उमटते. ही प्रतिक्रिया निम्मी बरोबर आहे. सर्व्हर वाढविल्याने कोणता भार हलका होतो आणि कोणता होत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी भारतीय रेल्वेच्या प्रवासी आरक्षण व्यवस्थेचे उदाहरण घेतले आहे. ही व्यवस्था बहुतेकांनी वापरलेली असून तिच्यात भारवाटपाचे यश आणि त्याची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी उघड्या डोळ्यांनी पाहता येतात.

रांगेचे गणित

भारवाटपाची आवश्यकता का भासते, याचे उत्तर संगणकापेक्षा जुने आहे. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नर क्रारुप अर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनींच्या येण्याचे संभाव्यताशास्त्राच्या आधारे विश्लेषण केले. त्यातून पुढे रांगांचा सिद्धांत उभा राहिला. या सिद्धांताचा सर्वांत साधा निष्कर्ष असा की, सेवा देणारा जसजसा पूर्ण क्षमतेजवळ जातो, तसतसा प्रतीक्षेचा काळ प्रमाणात न वाढता झपाट्याने वाढत जातो. एका विनंतीस १० मिलिसेकंद लागतात असे मानले, तर सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना उत्तर मिळण्यास सरासरी २० मिलिसेकंद लागतात. तो ८० टक्के व्यग्र असता ५०, ९० टक्क्यांवर १०० आणि ९५ टक्क्यांवर २०० मिलिसेकंद लागतात. शेवटच्या पाच टक्क्यांनी प्रतीक्षा दुप्पट केली.

आता दोन सर्व्हरचा विचार करू. एक ९५ टक्के आणि दुसरा ४५ टक्के व्यग्र असेल, तर सर्व विनंत्यांचा सरासरी काळ सुमारे १४० मिलिसेकंद येतो. तेच काम समसमान वाटून दोघांनाही ७० टक्क्यांवर आणले, तर तो सुमारे ३३ मिलिसेकंदांवर उतरतो. यंत्रे तीच, काम तेवढेच. केवळ वाटणी बदलल्याने चौपटीहून अधिक फरक पडला. भारवाटपाच्या सर्व तंत्रांचे समर्थन या एका हिशेबात आहे.

वाटणीच्या पद्धती अनेक आहेत. आळीपाळीने प्रत्येक सर्व्हरला एकेक विनंती देणे ही सर्वांत सोपी पद्धत. ज्याच्याकडे सध्या सर्वांत कमी जोडण्या आहेत त्याला देणे, ही दुसरी. तिसरी पद्धत विशेष रंजक आहे : यदृच्छेने दोनच सर्व्हर निवडावेत आणि त्यांपैकी कमी व्यग्र असलेल्यास काम द्यावे. सर्वांची चौकशी करण्याचा खर्च टळतो, तरीही केवळ यदृच्छेने एकच निवडण्यापेक्षा समतोल कितीतरी चांगला साधतो, हे १९९० च्या दशकात गणिताने सिद्ध झाले. या पद्धतींचा अधिक ऊहापोह येथे आवश्यक नाही. कारण या सर्व पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात. ती म्हणजे, कोणतीही विनंती कोणत्याही सर्व्हरला देता येते. संकेतस्थळाची पाने दाखविणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत हे गृहीतक खरे असते. डेटाबेसच्या बाबतीत ते खरे नसते.

वाचन आणि लेखन

डेटाबेसकडे येणाऱ्या विनंत्या मूलतः दोन प्रकारच्या असतात. 'अमुक गाडीत जागा आहे काय?' हे वाचन होय. 'ती जागा मला द्या' हे लेखन होय. कारण त्यामुळे नोंद बदलते. वाचनाचा भार वाटणे सोपे आहे. मुख्य सर्व्हरच्या चार-पाच प्रतिकृती तयार कराव्यात, लेखन फक्त मुख्य सर्व्हरवर करावे आणि झालेला प्रत्येक बदल प्रतिकृतींकडे पाठवावा. वाचनाच्या विनंत्या मग कोणत्याही प्रतिकृतीने पूर्ण कराव्यात. मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल यांसारख्या मुक्तस्रोत प्रणालींत ही सोय अंगभूत आहे.

शालान्त आणि उच्च माध्यमिक परीक्षांचे निकाल हे या पद्धतीचे आदर्श उदाहरण म्हणता येईल. निकाल एकदा तयार झाला की त्या दुपारी त्यात काहीही लिहिले जात नाही. लाखो विद्यार्थी केवळ वाचतात. म्हणूनच राज्य मंडळाचा निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर उपलब्ध करून देता येतो. त्या दिवशी एखादे स्थळ मंदावलेच, तर तो नियोजनाचा दोष मानावा लागेल. प्रश्नाच्या स्वरूपातच अडचण नाही.

लेखनाचे गणित मात्र निराळे आहे. एक सर्व्हर सेकंदाला १००० कामे करू शकतो असे मानू. वाचन असो वा लेखन, प्रत्येक काम समान श्रमाचे आहे असेही गृहीत धरू. सेकंदाला १०० लेखने होत असतील, तर ती १०० लेखने प्रत्येक प्रतिकृतीलाही करावी लागतात. प्रत्येकीकडे वाचनासाठी ९०० कामांची क्षमता उरते. असे पाच सर्व्हर मिळून ४५०० वाचने करतील. आता लेखने ६०० झाली, तर प्रत्येकाकडे ४०० उरतात आणि पाच सर्व्हर मिळून वाचने अवघी २००० होतात. लेखने १००० झाली की सर्व यंत्रे केवळ एकमेकांची नक्कल करण्यातच पूर्णपणे गुंततात. लेखनाची कमाल मर्यादा, सर्व्हर पाच असोत वा पन्नास, हजारच राहते.

रेल्वेच्या बाबतीत हे प्रमाण कसे आहे, याची कल्पना एका अधिकृत घोषणेवरून येते. आरक्षण व्यवस्थेच्या नूतनीकरणाविषयी २०२५ मध्ये रेल्वेने जी माहिती दिली, तीनुसार तत्कालीन क्षमता मिनिटाला सुमारे ३२ हजार तिकिटे आणि ४ लाख चौकशा अशी होती. म्हणजे एका लेखनामागे साधारण साडेबारा वाचने. नव्या व्यवस्थेचे उद्दिष्ट मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटे आणि ४० लाखांहून अधिक चौकशा असे जाहीर झाले. चौकशीची क्षमता दहापट आणि तिकिटांची सुमारे पावणेपाच पट! वाचन आणि लेखन यांच्या वाढीतील हे अंतर वरील विवेचनाशी जुळणारे आहे.

प्रतिकृतींची आणखी एक किंमत असते. मुख्य सर्व्हरवर झालेला बदल प्रतिकृतीपर्यंत पोहोचण्यास काही काळ लागतो. एरवी तो सेकंदाचा अंश असतो, परंतु गर्दीच्या वेळी वाढतो. त्या मधल्या काळात प्रतिकृती जे सांगते, ते क्षणापूर्वीचे सत्य असते. पडद्यावर तीन जागा उपलब्ध दिसाव्यात आणि तिकीट काढताच प्रतीक्षायादीतील क्रमांक हाती यावा, या अनुभवामागे इतर प्रवाशांच्या वेगाबरोबरच असे शिळे वाचनही असू शकते. चौकशीसाठी शिळेपणा चालतो, वाटपासाठी तो चालत नाही. म्हणून चौकशी प्रतिकृतीकडे आणि वाटप मुख्य सर्व्हरकडे, अशी विभागणी कोणत्याही जबाबदार रचनेत करावीच लागते.

नोंदींचे विभाजन

लेखनाचा भार वाटायचा असेल, तर नोंदीच वाटून द्याव्या लागतात. काही नोंदी एका सर्व्हरच्या मालकीच्या, काही दुसऱ्याच्या. या पद्धतीस आज 'शार्डिंग' म्हणतात. हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीच भारतीय रेल्वेने हे तत्त्व देशव्यापी प्रमाणावर वापरले होते, ही बाब अभ्यासक्रमातील पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे सुरू झाले. १९८६ मध्ये रेल्वे माहिती प्रणाली केंद्र, म्हणजेच 'क्रिस' ही संस्था स्थापन झाली. पुढील काही वर्षांत मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही आरक्षण केंद्रे उभी राहिली. या व्यवस्था आरंभी परस्परांपासून अलग होत्या. 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली क्रिसने विकसित केली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. या रचनेत प्रत्येक गाडीची नोंद एका विशिष्ट केंद्राच्या डेटाबेसमध्ये असे. मुंबईच्या खिडकीवर कोलकात्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मागितले, तर मुंबईचा संगणक ती विनंती कोलकात्याच्या संगणकाकडे पाठवी, जागेचे वाटप तेथेच होई आणि उत्तर मुंबईस परत येई. प्रवाशाला देश एकच दिसे; नोंदी मात्र पाच ठिकाणी होत्या. प्रत्येक नोंदीचा मालक एकच असल्याने एकच शायिका दोघांना दिली जाण्याचा संभव राहत नसे.

रेल्वेने ही विभागणी भूगोलानुसार केली. जेथे असा नैसर्गिक आधार नसतो, तेथे गणिती सूत्र वापरतात. नोंदीच्या क्रमांकास सर्व्हरच्या संख्येने भागावे आणि बाकी येईल त्या क्रमांकाच्या सर्व्हरवर ती नोंद ठेवावी. हे सूत्र सुटसुटीत असले, तरी चार सर्व्हरचे पाच केले की बहुतेक बाक्या बदलतात. ० ते १९ हे क्रमांक घेऊन पाहिल्यास ४ ने आणि ५ ने भागून समान बाकी फक्त पहिल्या चार क्रमांकांना येते. म्हणजे शंभरातील ८० नोंदींचे स्थलांतर करावे लागते, तेही व्यवस्था चालू असताना. यावर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड कार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उपाय सुचविला. सर्व्हर आणि नोंदी एका वर्तुळावर मांडाव्यात आणि प्रत्येक नोंद पुढे येणाऱ्या पहिल्या सर्व्हरकडे द्यावी. नवा सर्व्हर आला की तो फक्त आपल्या लगतच्याचा वाटा उचलतो. पाचव्या सर्व्हरसाठी सरासरी शंभरातील २० नोंदी हलवाव्या लागतात. ॲमेझॉनने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली 'डायनॅमो' ही प्रणाली याच कल्पनेवर उभी आहे.

डायनॅमोचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. 'एकाच नोंदीचे लेखन दोन ठिकाणी करू दिले तर काय बिघडेल?' असा प्रश्न येथे उपस्थित होतो. दोन ठिकाणांमधील संपर्क तुटल्यास, प्रत्येक विनंतीस उत्तर देत राहणे आणि सर्व प्रतींत एकच सत्य राखणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत, असे अनुमान एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले. २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी ते सिद्ध केले. ॲमेझॉनने खरेदीच्या टोपलीसाठी पहिली गोष्ट पसंत केली. दोन ठिकाणच्या टोपल्या नंतर एकत्र करताना एखादी वस्तू जास्तीची आली, तर ग्राहक ती काढून टाकतो. शायिकेचे तसे नाही. एका शायिकेवर दोन प्रवासी आल्यास त्यांचे 'एकत्रीकरण' तिकीट तपासनिसाला फलाटावर करावे लागेल.

अविभाज्य नोंद

विभाजनाने लेखनाचा भार वाटला जातो. पण तो केव्हा? मागणी वेगवेगळ्या नोंदींवर विखुरलेली असते तेव्हाच. कोकणात गणेशोत्सवासाठी जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण सुरू होते, त्या सकाळी हे गृहीतक कोसळते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. गणेश चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांच्या गाड्यांसाठी त्या हिशेबाने येणाऱ्या तारखेस सकाळी आठ वाजता मुंबई, ठाणे, पुणे येथील चाकरमानी एकाच क्षणी एकाच गाडीची मागणी करतात. देशातील हजारो गाड्यांच्या नोंदी कितीही सर्व्हरवर पसरलेल्या असोत, या गाडीची त्या तारखेची नोंद एकाच ठिकाणी आहे. शेजारचे सर्व्हर निवांत असतील. त्यांचा उपयोग नाही. भौतिकशास्त्राच्या विभागाप्रमाणेच त्यांना हे काम देता येत नाही.

या ठिकाणी वेगाची मर्यादा यंत्रांच्या संख्येवर अवलंबून नसते. एका व्यवहाराने नोंद बदलण्यासाठी तिला 'लॉक' लावले की तो व्यवहार पूर्ण होईपर्यंत इतरांना थांबावे लागते. लॉक २० मिलिसेकंद राहत असेल, तर त्या नोंदीवर सेकंदाला ५० व्यवहारच होऊ शकतात. तो काळ ५ मिलिसेकंदांवर आणला तर २००. म्हणजे येथे उपाय एकच : लॉकचा काळ कमी करणे. रेल्वेच्या ई-तिकीट व्यवस्थेत प्रवासी बँकेत पैसे भरत असताना त्याच्यासाठी शायिका राखून ठेवली जात नाही. पैसे आल्यानंतर वाटप होते. तसे नसते, तर प्रत्येकाच्या पैसे भरण्याच्या काही मिनिटांत ती जागा अडकून पडली असती. या निर्णयाची झळ प्रवाशाला लागते. पैसे खात्यातून जातात, तोवर जागा संपलेली असते आणि रक्कम परत येण्याची वाट पाहावी लागते. अनेकांना हा केवळ गलथानपणा वाटतो. वस्तुतः ती जाणीवपूर्वक केलेली निवड आहे. तिची किंमत प्रवाशाने मोजावी काय, हा प्रश्न अर्थातच उरतो.

दुसरा मार्ग नोंदीचेच तुकडे करण्याचा आहे. एका गाडीतील ५०० शायिकांचा एकच हिशेब ठेवण्याऐवजी शंभरांचे पाच हिशेब ठेवावेत आणि प्रत्येकास स्वतंत्रपणे वाटप करू द्यावे. डेटाबेसशास्त्रात पॅट्रिक ओ'नील यांनी १९८६ मध्ये या प्रकारची पद्धत मांडली. रेल्वेला मात्र ती कागदी नोंदवह्यांच्या काळापासून अवगत होती. मधल्या स्थानकांना ठराविक शायिकांचा 'कोटा' दिलेला असे. त्या मर्यादेत तेथील लिपिक मूळ स्थानकास तार न करता जागा देऊ शकत असे. सोय स्पष्ट होती, गैरसोयही तितकीच स्पष्ट. एका स्थानकाचा कोटा रिकामा राहावा आणि दुसऱ्या स्थानकावर प्रतीक्षायादी वाढत जावी, हे चित्र रेल्वेच्या प्रवाशांना नवे नाही. संगणकाच्या हिशेबाचे तुकडे केले तरी नेमके हेच घडते, आणि शेवटच्या काही जागांसाठी तुकडे पुन्हा एकत्र आणावे लागतात.

नियमांद्वारे भारवाटप

येथून पुढचा उपाय सर्व्हरच्या खोलीत सापडत नाही, तो नियमावलीत सापडतो. तत्काळ तिकिटांची विक्री जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता सुरू करण्यात आली. एकही सर्व्हर न वाढविता एका शिखराची दोन शिखरे झाली. २०१४ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ई-तिकिटांची क्षमता मिनिटाला २००० वरून ७२०० करण्याची आणि एकाच वेळी १ लाख २० हजार वापरकर्त्यांना सामावून घेण्याची घोषणा झाली होती. त्या खर्चिक वाढीशी तुलना करता वेळापत्रकातील हा बदल जवळपास विनामूल्य म्हणावा लागेल.

याहून मूलगामी उपाय म्हणजे 'प्रथम येईल त्यास प्रथम' हे तत्त्वच सोडणे. मुंबईत २००९ मध्ये सुरू झालेली आणि २०२५ मध्ये राज्यभर लागू झालेली अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पाहावी. विद्यार्थी काही दिवसांच्या मुदतीत पसंतीक्रम भरतात. कोणी पहिल्या तासात भरला की शेवटच्या, याने गुणवत्तायादीत काहीही फरक पडत नाही. मुदत संपल्यावर संगणक सर्व जागांचे वाटप एकाच वेळी करतो. नामांकित महाविद्यालयातील एका जागेसाठी शेकडो अर्ज असतील, तरी त्या नोंदीवर एका क्षणी झुंबड उडण्याचे कारणच उरत नाही. म्हाडाच्या घरांची सोडतही याच तत्त्वावर चालते. ज्या महाविद्यालयांत काही अभ्यासक्रमांचे प्रवेश अद्याप 'आधी येईल त्यास आधी' या पद्धतीने ऑनलाइन दिले जातात, तेथे नवा सर्व्हर विकत घेण्यापूर्वी हा नियम बदलून पाहणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

यात केवळ यंत्राच्या सोयीचा प्रश्न गुंतलेला नाही. अविभाज्य नोंदीसाठी लागलेल्या शर्यतीत मुंबईतील वेगवान जोडणी असलेला प्रवासी किंवा दलालाचे स्वयंचलित सॉफ्टवेअर, सावंतवाडीजवळच्या खेड्यात क्षीण नेटवर्कवर प्रयत्न करणाऱ्यापेक्षा काही सेकंदांनी पुढे असते, आणि तेवढे सेकंद निर्णायक ठरतात. गणेशोत्सवाच्या गाड्यांचे आरक्षण ६० दिवस आधी होते. तेथे दिवसभर अर्ज स्वीकारून रात्री सोडत काढण्यात तांत्रिक अडचण दिसत नाही. प्रवाशाचाही त्यात तोटा नाही. मात्र तत्काळ योजनेस हा उपाय सरसकट लावता येणार नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झालेली ही योजना ज्यांना अचानक निघावे लागते अशांसाठी आहे. घरी कोणी आजारी असल्याचा निरोप आलेल्या माणसाला उद्या गाडी मिळणार की बसने निघावे लागणार, हे सोडतीची वाट न पाहता लगेच कळावे लागते. त्याच्यासाठी दहाच्या ठोक्याची ती झुंबड स्वीकारावीच लागेल, आणि वर्षभरातील प्रत्येक दिवसाच्या त्या पहिल्या मिनिटास पुरेल एवढी क्षमता, उरलेले तेवीस तास ती बहुतांशी पडून राहणार हे ठाऊक असूनही, उभारून ठेवावी लागेल.